विनेशने निवडलेला कॉम्प्रेसर

आगरदांड्याच्या जेटीवर तिकिटं फाडणाऱ्या विनेशला मी सात वर्षं ओळखतो. शेजारच्या खिडकीत बसतो, म्हणून ओळखावंच लागतं. इतका माहितगार आणि इतका निरुपयोगी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दिवाळीत पोरं किल्ले करतात, त्यावर मांडायला बोटभर उंचीचे मावळे करून विकायचं त्याच्या डोक्यात आलं. साच्यात प्लास्टर ओतायचं, सुकवायचं, घासायचं काम त्याची बायको ऋतिका करी. रंगवणार होते हे महाशय. पण ब्रश हातात धरायला कमीपणा वाटायचा. एअरब्रश हवा होता. पेनासारखं ते हत्यार, त्यातून रंगाचा बारीक फवारा उडतो. हत्यार आलं. त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर त्याने मार्चमध्ये निवडायला घेतला आणि सप्टेंबर संपला तरी निवडतच होता. फेरीबोट लागलेली, गाड्या खोळंबलेल्या आणि हा मोबाइलवर कॉम्प्रेसर बघतोय. श्रीवर्धनच्या एका शाळेने साठ मावळे सांगितले, तेव्हा तर चालसुद्धा बदलली त्याची.

"टाकीवाला घ्या," ऋतिका माझ्यासमोरच म्हणाली. "बोर्लीचे दुकानदार सांगत होते, टाकीत हवा साठते, मग फवारा एकसारखा येतो. आणि पाणी अडवायला फिल्टर पाहिजेच. आपल्याकडे डब्यातलं मीठसुद्धा ओलं होतं."

"त्या दुकानदाराला काय कळतंय? महागातलं खपवायचं हाय त्याला," विनेश म्हणाला.

सात महिन्यांच्या अभ्यासातून शेवटी काय आलं? तळहाताएवढं, बॅटरीवर चालणारं, सगळ्यात स्वस्त यंत्र. टाकी नाही, फिल्टर नाही. "होडीतसुद्धा नेता येईल," तो म्हणाला. होडीत बसून मावळे कोण रंगवणार होतं, ते त्यालाच ठाऊक.

उद्घाटनाला नारळ फोडला. दहा मिनिटं बरं चाललं. मग यंत्र तापलं, फवारा उचक्या देऊ लागला आणि रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडाले. मावळ्यांच्या तोंडावर देवी आल्यासारखे ठिपके! शहाणा माणूस थांबला असता. याने अठरा मावळे नासवले आणि म्हणाला, "रंगच भिकार हाय."

ऋतिकाने चार दिवस बसून सगळे मावळे ब्रशने रंगवले आणि फेरीने पलीकडे दिघीला उतरून श्रीवर्धनच्या शाळेत पोचवून आली. दिवाळी झाल्यावर एअरब्रश पिशवीत घालून ती एकटीच बोर्लीला गेली. दुकानात अर्धा तास वर्तमानपत्रावर फवारे मारून पाहिले. कुणीतरी परत केलेला, छोट्या टाकीचा, फिल्टर लावलेला कॉम्प्रेसर तिने निम्म्या भावात आणला.

"आवाज फार करतो हा," विनेशने नाक मुरडलं.

"करू दे."

या वर्षी तिने दोनशे मावळे केले आणि विनेशलाही कामाला बसवलं. न राहवून मी विचारलं, "अगं, त्याला कशाला घेतेस कामाला?"

"डोळे तेच काढतात, भाऊ. मला जमत न्हाय."

मी जाऊन पाहिलं. तांदळाएवढ्या तोंडावर विनेश एका केसाच्या ब्रशने डोळे काढत होता, आणि मावळे खरोखर बघू लागत होते. एवढं हातात असताना या गाढवाने सात महिने मोबाइल चोळला, याचाच मला जास्त संताप आला.