तिजोरीतली अकरा लोणची

इलिहू बॅसेट वकिली करायला आयोवातल्या मिल फोर्कला आला, तेव्हा त्याच्याकडे दोन पुस्तकं, एक उंच टोपी आणि एक लोखंडी तिजोरी होती. पुस्तकांना कुणी विचारलं नाही. तिजोरी मात्र पंचक्रोशीत एकटीच. शेतकरी गव्हाचे पैसे तिच्यात ठेवायला लागले आणि दहा वर्षांत दारावरची ‘वकील’ पाटी जाऊन ‘बँक’ आली. घसा खाकरून बोलायची सवय तेवढी राहिली. बायकोकडे, लव्हिनाकडे, तो मीठ मागायचा तेही युक्तिवाद करून.

पन्नाशीत त्याला राज्याच्या सिनेटवर जायची हौस आली. समोर उभा गिरणीवाला अ‍ॅम्ब्रोज स्टिकनी. आणि नेमकं सप्टेंबरच्या जत्रेत काकडीच्या लोणच्यांना परीक्षक म्हणून बायकांनी बॅसेटलाच धरलं.

लव्हिनानं कपाळावर हात मारला. “अहो मिस्टर बॅसेट, गेल्या खेपेला परीक्षक होते ते डॉक्टर; त्यांनी एकीला पहिल्या बक्षिसाची निळी फीत दिली, आणि बाकीच्या दहाजणींच्या नवऱ्यांनी त्यांना मतदानात आडवं केलं! विसरलात?”

टेबलावर अकरा बरण्या. पलीकडे हाताची घडी घालून अकराजणी, मागे त्यांचे नवरे, म्हणजे अकरा मतदार; त्यांत स्टिकनीही. बॅसेटनं डोळे मिटून प्रत्येक फोड चाखली.

“अहम्! भगिनींनो, पुरावा उत्तम आहे, पण मुरलेला नाही. कोवळ्या लोणच्यावर निकाल म्हणजे घोर अन्याय! बरण्या माझ्या तिजोरीत सीलबंद राहतील. निकाल नोव्हेंबरात.”

“मतदानानंतर वाटतं?” स्टिकनी खेकसला.

“काकडीला काय कळतं रे मतदानातलं, अ‍ॅम्ब्रोज!”

पुढचे दोन महिने अकराही घरांत एकच वाक्य: “माझं खातानाच त्यांनी डोळे मिटले हो!”

बॅसेट नऊ मतांनी निवडून आला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिजोरी उघडली तर नोटांनाही व्हिनेगरचा वास. लव्हिना कानाशी पुटपुटली, “आता तरी खरं बोला.”

त्यानं पुन्हा अकरा फोडी खाल्ल्या आणि निळी फीत मिसेस स्टिकनीच्या बरणीला बांधली. बाकीच्या दहाजणींनी नाकं मुरडली, पण हरलेल्या घरात काहीतरी जायलाच हवं, म्हणून टाळ्याही वाजवल्या.

“खरं सांग,” स्टिकनीनं त्याला कोपऱ्यात गाठलं, “हे तुला सप्टेंबरातच कळलं होतं ना?”

“पहिल्या घासाला.”

“मग तेव्हाच बोलला असतास तर?”

“तर सिनेटवर तू गेला असतास,” बॅसेट म्हणाला, आणि फीतवाल्या बरणीतली आणखी एक काकडी उचलली.