आम्ही पाखरू बघत होतो

देवाचा अनुभव आला की माणसं निर्धास्त होतात असं मी ऐकलं आहे. माझं मात्र उलटं झालं. अनुभव आला, त्याने आमचं सगळं भलं झालं, आणि मी होते त्याहून जास्त गोंधळून बसले. लिहून काढलं तर थोडं निवळेल असं वाटलं म्हणून हे लिहिते आहे. समजावून सांगायला जमणार नाही, घडलं तसं सांगते.

आम्ही भोरचे. आमच्या ह्यांना फोटोंचा भारी नाद. रविवारी सकाळी डबा बांधून गाडी काढायची आणि कुठल्या तरी घाटाच्या दिशेने निघायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. गाडी मी चालवते, कारण हे चालवायला बसले की यांची नजर रस्त्यावर कमी आणि झाडांवर जास्त असते. मांडीवर कॅमेरा, खिडकीची काच खाली, आणि मध्येच "थांब" असं हळू आवाजात म्हणायचं. मग मी इंजिन बंद करायचं आणि तोंडही बंद ठेवायचं, यातलं दुसरं मला जास्त जड जायचं. अशी कितीतरी दृश्यं आमच्या घरात साठली आहेत. विजेच्या खांबावर बसलेला सर्पगरुड, त्याच्या चोचीत लोंबणारा साप. वरंध घाटात पहाटे रस्त्याकडेला कान टवकारून उभं असलेलं भेकर. पानशेतच्या रस्त्यावर एक घोरपड अशी काही ऐटीत मधोमध थांबली होती, की मागून आलेल्या एसटीलाही थांबावं लागलं आणि कंडक्टर खाली उतरून आमच्याबरोबर बघत बसला. फक्त धनेश तेवढा यांना कधी मिळाला नाही. मोठ्या चोचीचा, काळापांढरा. वेल्ह्याकडे गेलो की हमखास कुणीतरी सांगायचं, काल होता.

मागच्या उन्हाळ्यात घाटातला एक छोटासा चढ चढताना हे छाती धरून दगडावर बसले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बायपास करा, दिवस घालवू नका, असं स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर हे म्हणाले, वाघजाईला विचारल्याशिवाय नाही. वाघजाई यांची कुलदेवी. पासलीच्या पुढे डोंगराच्या कुशीत तिची राई आहे आणि राईत छोटंसं देऊळ. घरातलं कुठलंही मोठं काम तिचा कौल घेऊन करायचं ही यांच्याकडची पद्धत. माझे सासरे एकदाच न विचारता ऑपरेशनला गेले, ते परत आलेच नाहीत. त्यामुळे यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मुलगी फोनवर रडली, मी अबोला धरून पाहिला, पण हे हलले नाहीत.

कौल लावतात तो असा. गुरव दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला देवीची भीती कधी वाटली नव्हती, ती त्या आठवड्यात वाटायला लागली. ओली पाकळी ती, वाळेल तशी पडणार. आणि तिच्यावर माझं कुंकू टांगलेलं. डावी पडली असती तर हे ऑपरेशनच्या टेबलावर कधीच झोपले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. नसरापूर, वेल्हे करत आम्ही निघालो तेव्हा यांनी कॅमेरा घेतला होता, पण वाटेत एकदाही "थांब" म्हणाले नाहीत. माझा जीव त्यानेच अर्धा झाला. देवळात हात जोडले तेव्हा मी काय मागितलं सांगू? म्हटलं, बाई, तुला होकार द्यायचा नसेल तर निदान गप्प बस.

ती गप्पच बसली. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या, आणि आम्ही बघत राहिलो. खांबाशी नैवेद्याची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिच्याशिवाय राईत दुसरं कुणी नव्हतं. बराच वेळ गेला, पाकळ्या जागच्या हलेनात. आणि मग डोक्यावर आवाज आला. कुणी मोठ्या सुपाने धान्य पाखडावं तसा. गुरवकाका म्हणाले, गरुड आला. तिकडे धनेशाला गरुड म्हणतात. देवळासमोरच्या उंबरावर तो येऊन बसला, भला थोरला, पिवळी चोच, आणि निवांतपणे एकेक फळ वर उडवून गिळायला लागला. कौल लावल्यावर देवीकडे पाठ करू नये हे यांना लहानपणापासून पढवलेलं. पण हे वळले, कॅमेरा उचलला, गुरवकाकाही वळले, आणि खरं सांगते, मीही वळले. इतक्या दिवसांनी यांच्या चेहऱ्यावर जीव आला होता, तो बघायचं सोडून मी पाकळी कशी बघणार?

धनेश उडाला आणि आम्ही भानावर आलो. दोन्ही पाकळ्या देवीच्या पायाशी पडलेल्या होत्या. आधी कोणती पडली ते कुणालाच माहीत नव्हतं. यांचा चेहरा पांढरा पडला. देवीने उत्तर दिलं आणि आपण पाठ केली, असं पुटपुटत हे पायरीवर बसले. गुरवकाका म्हणाले, न बघितलेला कौल धरता येत नाही आणि एकदा दिल्यावर लगेच पुन्हा विचारताही येत नाही. पुढच्या आमवशेनंतर या. तोवर थांबायला आमच्याकडे वेळ नव्हता. मी काही बोलणार तोच खांबाशी बसलेली म्हातारी म्हणाली,

"उजवं आदी पडलं. म्या बगितलं."

एवढंच. गुरवकाकांनी मान डोलावली. हे उठले आणि त्यांनी देवीसमोर लोटांगण घातलं. म्हातारीने टोपली उचलली आणि ती निघून गेली. तिचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

ऑपरेशन झालं, पण नंतर हे लवकर शुद्धीवर येईनात. त्या काळात बाहेरच्या बाकावर बसून मी काय काय विचार केले. म्हातारीला नीट दिसलं असेल का? तिचं उजवं की देवीचं उजवं? देवीने नाही म्हटलं असेल आणि आम्ही चुकीचं ऐकून यांना इथे आणलं असेल तर? शेवटी विचार करून करून मी थकले. म्हटलं, उजवी असो, डावी असो, आता तुझं तू बघ. त्या दिवसाआधी मी देवीशी असं कधी बोलले नव्हते. हे शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा पाणी मागितलं आणि मग, फोटो हलला तर नाही ना, असं विचारलं.

पावसाळाभर यांना गाडीतून हिंडायची मनाई होती. दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी आम्ही पेढे घेऊन वाघजाईला निघालो. राईखालच्या चढावर हे दमाने येत होते, झाडं बघत, थांबत. मी पुढे गेले. गुरवकाका नव्हते. खांबाशी तीच म्हातारी बसली होती. मी पाया पडायला वाकले तर तिने माझे दोन्ही दंड घट्ट धरले.

"मालक हायती का तुमचं?" तिने विचारलं.

आहेत, मागून येताहेत, मी म्हटलं. तिने डोळे मिटून देवीकडे हात जोडले. मग म्हणाली, "बाई, म्या बी पाखरूच बगत व्हते. पाकळी म्या बगितलीच न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले. मग का बोललात आजी, असं विचारलं तर तिलाच सांगता येईना. तोंडातून निघालं, म्हणाली. बोलायचं मनात नव्हतं, आवाज ऐकू आला तेव्हा कळलं की आपणच बोललो. घरी गेल्यावर तिला घास गिळेना. त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या माथी. आम्ही कोण, कुठले, तिला काहीच ठाऊक नव्हतं, कुणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून ती दर मंगळवारी तसाच उपास धरून, पावसात, चिखलात हा चढ चढून यायची आणि आम्ही आलो का ते बघत संध्याकाळपर्यंत बसायची.

मी तिच्यावर रागवायला हवं होतं का? तिने देवीच्या दारात खोटं सांगितलं होतं. आणि त्या खोट्यावर माझा माणूस जिवंत होता. मग ते बोललं कोण? म्हातारी म्हणते मी नाही. देवी तर काही सांगत नाही. मी खूप वेळा हा गुंता सोडवायला बसते आणि प्रत्येक वेळी तसाच ठेवून उठते. एवढं मात्र कळतं, की आपण मोकळ्या हाताने घरी येतो तेव्हा आपलं ओझं कुणीतरी उचललेलं असतं. देवीने उचललं म्हणून मी तिला नमस्कार करत होते, आणि इथे एक अनोळखी बाई ते वाहून दमली होती. आता मी कौल कोणाचा ते विचारत नाही. दोघींपुढेही डोकं टेकते.

त्या दिवशी आम्ही दोघी तशा बसलो असतानाच हे चढ चढून आले, घामाघूम, गळ्यात कॅमेरा. म्हातारी यांच्याकडे आपादमस्तक बघत राहिली. यांनी ओळखलं, हसले, देवीपुढे पेढे ठेवले आणि त्यातला एक तिच्या हातावर दिला. तिने तो तिथेच तोंडात घातला आणि खाता खाता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हे गडबडले. काय झालं गं, असं मला हळूच विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, "आजींचा उपास सुटला."