लिंबांच्या कप्प्यातली पाव्हणी

बबनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात इन्सुलिनच होतं. सकाळची वेळ, चहा अजून व्हायचा होता, आणि मी फ्रीजचं दार उघडं टाकूनच फोन घेतला. सोनईहून त्यांची सून बोलत होती. "ताई, तुमचे मामा गेले हो... झोपेतच गेले." मी म्हटलं, "बरं." असल्या बातमीला कुणी 'बरं' म्हणतं का? पण तेवढंच तोंडातून निघालं. आमच्या ह्यांनी पुढं होऊन फ्रीज लावला, माझ्या हातातून फोन घेतला आणि मला खुर्चीत बसवलं. इंजेक्शन तसंच राहिलं. त्या इंजेक्शनचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी मामा सांगायला हवेत, नाहीतर ते कुणाला कळायचंच नाही.

बबनमामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते मूळचे देवळाली प्रवऱ्याचे, आईचं माहेरही तिथलंच, आणि माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, हा आमच्याकडचा सरळ हिशेब. सोनईत एसटी स्टँडाजवळ त्यांचं थंड पेयांचं दुकान होतं. लिंबूसोडा, लस्सी, रंगीत सरबतं. आधी सगळा कारभार भुशात गुंडाळून आणलेल्या बर्फावर चालायचा. मग नगरच्या कॅम्पातल्या कुणा लष्करी साहेबाची बदली झाली आणि त्याचा जुना फ्रीज मामांनी विकत घेतला. मालट्रकमध्ये खाली गाद्या घालून, स्वतः त्याला मिठी मारून बसत त्यांनी तो सोनईत आणला. उतरवला तेव्हा नारळ फोडला होता म्हणे. पण फ्रीजचे कप्पे होते साहेबाच्या जेवणाच्या बेतानं. वाडगे, बशा मावतील असे जवळजवळ, सोड्याची बाटली काही उभी राहीना. मामांनी मधली एक जाळी काढूनच टाकली. ती फळीवर ठेवून तिच्यावर धुतलेले पेले पालथे घालायला लागले. उरलेल्या जाळ्यांच्या तारांवर बाटल्या कलंडायच्या, म्हणून तारांना आडव्या बांबूच्या कामट्या बांधल्या. दाराला आतून अंडी ठेवायची पट्टी होती, ओळीनं गोल गोल खळग्यांची. सरबताच्या दुकानात अंड्यांचं काय काम? मामांनी त्यात लिंबं बसवली. अशी चपखल बसली की येईल त्याला दार उघडून दाखवायचे. "बघा, खळगा लिंबासाठीच केलाय. साहेबाला कळलंच न्हाई!"

एकाहत्तर साल असावं, मी चौथीत होते. अचानक वाळायला लागले. तांब्यावर तांबे पाणी प्यायचे आणि तरी तोंड कोरडं ठणठणीत. शेजारणी म्हणाल्या, पोरीला दृष्ट लागली. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, पण माझी हाडं काही झाकेनात. वडील सोनईतच शाळामास्तर, त्यांनी मला आणि आईला नगरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हिला मधुमेह आहे, रोज सुई टोचावी लागेल, जन्मभर. आणि हे औषध गार जागेत ठेवावं लागेल. "घरी फ्रीज आहे का?" मास्तराच्या घरात तेव्हा पंखासुद्धा नव्हता. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "माझ्या भावाकडं हाय." त्या भावाला तिनं विचारलंही नव्हतं. विचारावं लागेल असं तिच्या मनातही आलं नाही.

तेव्हापासून आमची सकाळ मामांच्या दुकानात व्हायला लागली. दुकान उघडायच्या आधी मामा दाराची एकच फळी सरकवून ठेवायचे. उकळलेली काचेची सिरिंज आणि सुई डब्यात घेऊन आई पुढं, मी मागं, पाय ओढत. मामा फ्रीजमधून ती इवलीशी बाटली काढायचे. तिचं नाव त्यांनी 'पाव्हणी' ठेवलं होतं. "या पाव्हणीबाई, भाची आलीय तुमची!" मला हसू यायचं, पण आईनं सुई हातात घेतली की हसणारे मामाच पांढरेफटक व्हायचे. एवढा दणकट माणूस, पण त्यांना सुई बघवायची नाही. ते आमच्याकडं पाठ करायचे, फ्रीजचं दार उघडायचे आणि उगाच बाटल्या इकडच्या तिकडं करायला लागायचे. खणखण, खणखण... मी रडलेलं ऐकू येऊ नये म्हणून. आणि तसंच पाठमोरे विचारायचे, "झालं का गं? मी आपला बाटल्या लावतुय." मी "झालं, मामा" म्हणेपर्यंत वळायचे नाहीत.

उन्हाळ्यात दुकानाला गर्दी. एसटीतून उतरलेली माणसं तहानेनं कावलेली, थेट फ्रीजमध्ये हात घालायची. एकदा कुणाच्या तरी कोपरानं पाव्हणी कलंडली, मामांनी वरच्या वर झेलली. पण ते त्यांच्या मनाला फार लागलं. आलेल्या पाहुणीला अशी सोड्याच्या गर्दीत ठेवायची? कुणाचाही धक्का लागेल अशी? आमच्याकडं पाहुण्याला दाराशी बसवत नाहीत. आत नेतात, पाट देतात, मानाच्या जागी बसवतात. मामांनी तेच केलं. सगळ्यात वरचा कप्पा रिकामा केला, त्यात धुवट पांढऱ्या फडक्याची घडी अंथरली आणि बाटली बर्फाच्या खणाला टेकवून ठेवली. औषध गार पाहिजे ना, मग सगळ्यात गार जागा तिचीच. दुसऱ्या सकाळी बाटलीत बर्फ धरलेला. "लई गारठली की पाव्हणी," म्हणत मामांनी ती तळहातांत धरून वितळवली आणि आईनं सुई भरली. आम्हा तिघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. रोज तसंच व्हायला लागलं.

चार-पाच दिवसांत माझी तहान परत आली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि एका दुपारी वर्गात मी जी आडवी झाले ती उठेचना. नगरला न्यायला कुणाची तरी जीप मिळाली. मामा गिऱ्हाइकांना तसंच बसलेलं सोडून जीपमध्ये चढले. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की माझं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि पाय मामांच्या. पुढचं आईनं नंतर सांगितलेलं. डॉक्टरांनी विचारलं, औषध कुठं ठेवत होता? मामा मोठ्या अभिमानानं म्हणाले, "सगळ्यात वर, बर्फाला टेकून." डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हे औषध गोठलं की संपलं. मग ते टोचलं काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच." मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी शुद्धीवर आले तेव्हा ते कॉटच्या पायथ्याशी टोपी चुरगाळत उभे होते आणि लहान पोरासारखे रडत होते. "म्या पाव्हणीला मान दिला गं, अक्का... आन् पोरीच्याच जिवावर उठलो." आई म्हणाली, "गप रे. तू मानच दिला व्हतास, दुसरं काय केलंस? आता जागा बदल म्हंजी झालं."

"बर्फापासून लांब, दारात ठेवा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाहुणीला दारात बसवायचं मामांच्या फार जिवावर आलं. पण बसवलं. अंड्यांच्या पट्टीतला पहिला खळगा तिला दिला, बाटली डुगडुगू नये म्हणून भोवती मऊ फलाटीन कापडाची पट्टी गुंडाळली आणि बाकीच्या खळग्यांत लिंबं. गिऱ्हाइकांनी फ्रीजला हात लावणं त्या दिवसापासून बंद. कुणी दाराकडं सरकलं की मामा ओरडायचे, "हात मागं! आत आमच्या घरचं माणूस हाय!" त्या बाटलीला लिंबांचा वास लागायचा. माझ्यासाठी इन्सुलिनचा वास अजूनही तोच आहे.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. प्यायलाच पाणी नाही तिथं सोडा कुठला आणि लस्सी कुठली? दुकान बसलं. मामा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. नगरच्या एका हॉटेलवाल्यानं फ्रीज मागितला. मामी म्हणाली, देऊन टाका, रिकामा घुरघुरत कशाला ठेवायचा? मी तेव्हा बाकावर बसले होते, आई सुई भरत होती. मामीला काही वाईट म्हणायचं नव्हतं, तिच्याही घरात चुलीची पंचाईत होती. मामा पाठमोरेच म्हणाले, "रिकामा कुठं हाय? पाव्हणी हाय न्हवं आत." मामी माझ्या केसांवरून हात फिरवून आत गेली. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्या उन्हाळ्यात मी त्या फ्रीजमध्ये डोकावून बघायचे. कामट्या बांधलेल्या जाळ्या मोकळ्या, लिंबंसुद्धा नाहीत, आणि दारात एकटी माझी बाटली. बाटल्याच नव्हत्या, तर मामा सुईच्या वेळी काय वाजवणार? ते पाण्याविना पडलेले सरबताचे पेले वाजवायचे.

माझं लग्न ठरेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. हे बघायला आले तेव्हा मामांनी त्यांना आधी दुकानात नेलं, फ्रीज उघडला आणि पाव्हणीची ओळख करून दिली. "हिच्यासकट न्यायची असंल तर बोला." ह्यांनी म्हणे लिंबूसोडा मागितला आणि सावकाश पिऊन झाल्यावर "नेतो" म्हणाले. रुखवतात चकल्या-करंज्यांच्या शेजारी मामांनी ती अंड्यांची पट्टी मांडली, प्रत्येक खळग्यात पिवळंधमक लिंबू. पहिला मात्र रिकामा. सासरच्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, हे कसलं बाई रुखवत! मी मात्र ते बघून जी रडायला लागले, ती सासरी पोचेपर्यंत रडत होते.

गेल्या दिवाळीत त्यांना शेवटचं भेटले. दुकान केव्हाच मुलानं मोबाईलचं केलं होतं. मामांना नीट दिसत नव्हतं, पण माझा हात धरून विचारलं तेच. "पाव्हणी बरी हाय का?" म्हटलं, मामा, आता बाटली नसते, पेनासारखं असतं. त्यांना ते काही पटलं नाही. "असू दे. लिंबाशेजारी ठेवती न्हवं?" म्हटलं, व्हय मामा. मग समाधानानं डोळे मिटून बसले. मी आणखी थोडा वेळ बसायला हवं होतं असं आता रोज वाटतं... माणूस असतो तोवर एसटीची वेळ महत्त्वाची वाटते.

ती पट्टी माझ्या फ्रीजच्या दारात आहे. किती फ्रीज बदलले, कुठल्याच दारात ती धड बसली नाही. ह्यांनी दर वेळी कानस घेऊन तिच्या कडा घासल्या आणि बसवली. त्या सकाळी, फोननंतर, माझ्याच्यानं सुई टोचवेना. पन्नास वर्षं रोज टोचत आले आणि त्या दिवशी हात उचलेना. नुसती खुर्चीत बसून राहिले. हे मुळात कमी बोलणारे. ते उठून फ्रीजपाशी गेले. माझ्याकडं पाठ केली, दार उघडलं आणि सॉसची, सरबताची, पाण्याची बाटली इकडची तिकडं करायला लागले. खणखण, खणखण... आणि तसेच पाठमोरे म्हणाले, "झालं का? मी आपला बाटल्या लावतोय."

मी सुई टोचली. औषध आत गेलं, आणि तोंडातून निघून गेलं, "झालं, मामा."

ह्यांनी मागं वळून बघितलं नाही. आणखी बराच वेळ बाटल्या लावत राहिले.