हत्तीच्या वाटणीची केळी

माणूस आणि निसर्ग यांचं नातं परस्परांच्या आदरावर उभं असतं. हे वाक्य माझ्या दाजींच्या फाटकावर निळ्या ऑइल पेंटनं लिहिलेलं आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक. रिकामी भिंत किंवा पत्रा दिसला की त्यांना सुविचार सुचतो. हे फाटक हत्तीनं पाडलं, त्याला आता बरेच दिवस झाले. तेव्हापासून ते कुंपणाला आडवं टेकवलेलं असतं आणि ‘आदरावर उभं’ हे शब्द वाचायला मान पार खांद्याला लावावी लागते.

आक्काचं घर गडहिंग्लजच्या पलीकडं, आजऱ्याच्या बाजूला, रानाला लागून असलेल्या एका वाडीत आहे. आम्ही नवराबायको शहरात, राजारामपुरीत राहतो. ओळखीतले लोक मे महिन्यात मनालीला जातात आणि बर्फात उभं राहून फोटो पाठवतात. आम्ही आक्काकडं जातो. तिथं बर्फ नाही, फोनला रेंज नाही आणि दुपारच्या वेळी मोठ्यानं बोलायची परवानगी नाही, कारण आक्का झोपलेली असते.

घरामागं मोठं परडं आहे. फणस, आंबा, नारळ, पपई, अळू, मिरच्या, आणि मधेच कुठंतरी डेलियाची रांग, जिचा उपयोग काय असं विचारलं तर आक्का चिडते. इतक्या गोष्टी पिकवल्यावर खाणारेही येणारच. शेकरू आंब्यावर असतं. धनेशाची जोडी वडावरून येते आणि कुणाकडं न बघता निघून जाते. वानरं पपईचा एक घास घेऊन ती टाकतात आणि दुसरी तोडतात. लग्नाच्या बुफेत हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. मोर मिरच्यांचे शेंडे खातो, आणि आक्का त्याला ढेकूळ मारते. तो राष्ट्रीय पक्षी आहे, अशी आठवण दाजी तिला करून देतात. तिचं म्हणणं असं, की मग त्यानं राष्ट्राचं खावं, तिच्या मिरच्या कशाला.

हत्तीच्या बाबतीत मात्र वाडीची पंचाईत होते. तो सरहद्दीच्या जंगलातून येतो, एकटाच, वाटेल तेव्हा. त्याला शिवी देता येत नाही, कारण तो गणपती. त्यामुळे तो दिसला की बाया आधी हात जोडतात आणि त्याच वेळी पुरुष डबे वाजवतात. देवाचं स्वागत आणि हकालपट्टी एकाच दमात होणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. मध्यंतरी वाडीच्या देवळापुढं हत्तीविषयी जनजागृतीचा कार्यक्रमही झाला. प्रमुख पाहुणे उशिरा आले, सहजीवनावर बोलले, शाल आणि श्रीफळ घेऊन उजेडातच परत गेले. अंधार पडायच्या आत निघायचं, एवढी जागृती त्यांच्यात आधीपासून होती.

आक्काचा मुलगा पुण्याला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यानं राजारामपुरीत आमच्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तो आईवडलांसाठी. खाली क्लास आहे, समोर दवाखाना आहे, रिक्षा दारात मिळते. आक्का एकदा तो बघून आली. बाल्कनीत दोन कुंड्या मावतात, असं तो कौतुकानं सांगत होता, तेव्हा ती नुसती कुंड्यांकडं बघत राहिली. पोराचं चुकत नव्हतं. हत्तीनं शेजारच्यांची पाण्याची टाकी फोडली होती, आक्काचे दोन माड आडवे केले होते. दाजींना नीट ऐकू येत नाही आणि पहाटे परड्यातल्या नळावर जायची त्यांची सवय जात नाही. त्याला रात्री पुण्यात झोप लागत नव्हती, हे त्यानं मला फोनवर सांगितलं होतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे जमलो असताना त्यानं विषय काढला. आक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली की भांडण आहे ते वाटणी झाली नाही म्हणून. तिच्या सासरची जमीन चार भावांत वाटली गेली तेव्हा ती नवी नवरी होती. कुणाचं किती हे एकदा पंचांपुढं ठरलं की माणूस आपल्या हद्दीत राहतो, हा धडा तिनं तेव्हा घेतला आणि पुढचा सगळा पुरावा विरुद्ध असूनही सोडला नाही. आमच्या जिल्ह्यात बांधानं आजवर कुणाला अडवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बांध असतो तो रोज थोडाथोडा कोरायला.

पण आक्काचं ठरलं होतं. ओढ्याकडचा परड्याचा कोपरा हत्तीला द्यायचा. तिथं केळीचे कोंब लावायचे, आणि ती केळी त्याची. घराजवळची जवारी, म्हणजे गावरान केळी आपली. मधे मातीचा बांध. आम्ही दोन दिवस तो घालत होतो. भाचा फावडं घेऊन सगळ्यांत जोरात राबत होता, बहुधा रागानं. बांध झाल्यावर आक्कानं एका दगडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मला पंच म्हणून उभं केलं. वाटणीला मामा लागतोच, असं तिचं म्हणणं. कुणाचा मामा हे तिनं स्पष्ट केलं नाही. मग रानाकडं तोंड करून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, “ह्यो बांध. हिकडचं आमचं, तिकडचं तुझं. आता कुणी कुणाच्यात यायचं न्हाय.”

रानातून हरकत आली नाही. ती संमती धरण्यात आली.

त्यानंतर भाच्यानं विचारलं, आणि तो बांध मोडून आला तर? आक्का म्हणाली, तर ती गाठोडं बांधून राजारामपुरीला येईल, पुन्हा बोलणार नाही. पंच म्हणून हेही माझ्या समोर झालं.

वर्षभर हत्ती आला नाही. म्हणजे तो वाडीत येऊन गेला, वरच्या आळीतला ऊस खाऊन गेला, पण आक्काच्या परड्यात शिरला नाही. बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजला रेंज मिळाली की ती मला फोन करायची आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर सांगायची, की तो वाटणी पाळतोय. तिचे चुलतदीर पाळत नाहीत, असं ती पुढं जोडायची. दाजींनी बांधावर एक छोटी पाटीही लावली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मी इथं देत नाही.

यंदाच्या मेमध्ये आम्ही पोचलो तेव्हा केळी दोन्हीकडं लागलेली होती. जवारीचा घड घरालगत भरत आला होता. ओढ्याकडच्या केळीलाही एक थोराड, हिरवागार घड लोंबत होता. आक्कानं आम्हाला आधी तो दाखवला. पाहुण्याच्या ताटाकडं लक्ष द्यावं तसं तिचं त्याकडं लक्ष होतं. भाचाही आलेला होता. त्यानं रजा वाढवून घेतली होती.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात एके सकाळी मला जाग आली ती शांततेनं. रोज त्या वेळी आक्काची भांडी वाजतात. मागं गेलो तर सगळे परड्यात उभे होते. जवारी केळीचं बेट भुईसपाट झालं होतं. खोडं सोलून आतला गाभा चघळून टाकलेला, घडाचा पत्ता नाही. डेलियाच्या रांगेतून तो गेला होता आणि एकही डेलिया मोडला नव्हता. बांधावर त्याचा एक पाय पडला होता. तेवढ्या जागी बांध नव्हता. आणि पलीकडं ओढ्याकाठी त्याची स्वतःची केळी जशीच्या तशी, घडासकट उभी.

शेजारी जमले. कुणी म्हणालं, देवानं स्वतःचा वाटा सोडला, हा प्रसाद समजायचा. दाजी निसर्गाच्या संयमाबद्दल काही बोलायच्या तयारीत होते, पण हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांच्या हातात चहा दिला. भाचा बांधावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता.

“आई, ठरलं होतं,” तो म्हणाला.

आक्कानं एक सोललेलं खोड उचलून बाजूला ठेवलं.

“त्या नळापासून केळी किती लांब आहे बघ. तो पहाटे येऊन गेला, आणि बाबा रोज पहाटेच इथं असतात. आज बाहेर यायला उशीर झाला म्हणून वाचले.”

दाजींना हे ऐकू आलं नाही, आणि त्यामुळंच ते सगळ्यांना नीट ऐकू आलं. आक्का नळाकडं बघत उभी राहिली. मग पदर खोचून ओढ्याकडं चालत गेली, हत्तीच्या केळीपाशी थांबली, घडाखालून हात फिरवून आली. येऊन ती मुलाशी बोलली नाही, माझ्याशी बोलली.

“तू पंच हाईस न्हवं? मग सांग. त्यानं माझं खाल्लं. तर त्याचं आता माझं झालं का न्हाय?”

मी विचार केला. गावात अशा प्रकाराला अदलाबदल म्हणतात आणि ती धरली जाते. मी म्हणालो, “झालं.”

“मग पोटच्यागत वाढीवलेला घड झाडावर टाकून मी कशी येऊ? त्यो उतरू दे. मग बघू.”

“किती दिवस लागतील?” भाच्यानं विचारलं.

“केळीचं काय सांगावं.”

तो उठला आणि केळीच्या बुडाशी जाऊन वाकला. तिथं चांगले गुडघाभर वाढलेले कोंब होते. एका घडाची केळ गेली की ते उभे राहणार, त्यांना घड लागणार, आणि त्यांच्या बुडाशी आणखी कोंब. इंजिनिअर असल्यानं त्याला ही व्यवस्था लगेच कळली. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा म्हणाला की नळ घरात घेतलाच पाहिजे, आणि फटफटीत उजाडल्याशिवाय बाबा मागच्या दाराची कडी काढणार नाहीत. आक्कानं लगेच हो म्हटलं. एवढ्या लवकर ती कशालाच हो म्हणत नाही, त्यावरून कळलं की तीही त्या नळाला भ्याली होती. तो रजा संपेपर्यंत थांबला, प्लंबरच्या डोक्यावर उभा राहून नळ आत घेतला, आणि दाजींकडून कडीबद्दल देवासमोर वचन घेतलं. दाजींना ते भिंतीवर लिहायचं होतं.

आम्ही परत आलो. तो फ्लॅट एका क्लासवाल्या बाईंना भाड्यानं गेला.

पाऊस लागल्यावर आक्कानं त्या घडातली एक फणी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली, सोबत निरोप, की हत्तीच्या वाटणीची आहे, सगळ्यांनी वाटून खा. शेजारपाजारी गोष्ट पोचली होती. दोघीतिघी येऊन फणीला हात लावून नमस्कार करून गेल्या. आम्ही ती स्वयंपाकघरात खुंटीला टांगली आणि पिकायची वाट बघत बसलो. आठवडा गेला तरी ती हिरवी ती हिरवीच. शेवटी हिनं त्यातलं एक सोललं, कापलं आणि सुरी खाली ठेवली.

ती भाजीची केळी होती.