रॉकेलवरून पेट्रोलवर

माझ्या भावाला जुने छोटे ट्रॅक्टर जमवण्याचा नाद होता. शेतात दिसतात ते मोठे नव्हेत. बागेत, नर्सरीत, पेरूच्या दोन रांगांमधून जाणारे, स्कूटरपेक्षा जरासे थोराड, बसलं की गुडघे हनुवटीला लागणारे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्याच्या गाळ्यात शेजारचे लोक येऊन बघायचे आणि म्हणायचे, काका, हा चालतो की चावी देऊन सोडायचा? दादा त्यांना चहा पाजायचा. त्याच्या जागी मी असते तर हाकलून दिलं असतं.

मी म्हणजे त्याची धाकटी बहीण. डोंबिवलीत राहते, शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. या उद्योगात माझ्याकडे रंगाचं खातं होतं. गंज खरवडणं, रेड ऑक्साइड, पुट्टी, पॉलिशपेपर, मग रंग, आणि शेवटी बॉनेटवरची अक्षरं हाताने. इंजिन त्याचं. तो इस्टेटमधल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून वहिनीचं डोकं खाऊ लागला, तेव्हा वहिनीनेच त्याला सांगितलं की काहीतरी बघ बाबा. त्याने गाळा बघितला. दर रविवारी मी ठाण्याला जायची आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तिथे भांडत काम करायचो.

एकूण तीन ट्रॅक्टर झाले. पहिले दोन साधे होते. तिसरा घोडबंदर रोडच्या एका जुन्या स्थानिक कुटुंबाकडून आणला. त्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत, त्यातल्याच एकात ते राहतात, आणि ट्रॅक्टर खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडला होता. म्हातारे आजोबा व्हीलचेअरवरून खाली आले, ताडपत्री काढताना बघत राहिले. आम्ही टेम्पोत चढवल्यावर दादाला म्हणाले, "नेतंस तं ने, पन भंगारान घालू नको." दादाने त्यांना वाकून नमस्कार केला. मला जरा नाटकी वाटलं, पण त्याने मनापासून केला होता.

त्या ट्रॅक्टरला दोन टाक्या आहेत. छोटी पेट्रोलची, मोठी रॉकेलची. थंड इंजिन रॉकेलवर सुरू होत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, फिरवून रॉकेलवर घ्यायचं. सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर घ्यायचं आणि आतलं रॉकेल जळून जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर ते कार्ब्युरेटरमध्ये बसून राहतं आणि पुढच्या वेळी सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी इंजिन हूं की चूं करत नाही. दादाने सुरुवातीला एकदा ही चूक केली होती. पुढचा अख्खा रविवार दोरी ओढण्यात गेला आणि नंतर आठवडाभर वहिनी त्याच्या खांद्याला बाम चोळत होती. तेव्हापासून त्याने स्वतःचा नियम केला. पेट्रोलवर घ्यायचं, धुराचा वास बदलेपर्यंत थांबायचं, मग पेट्रोलचाही कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप धापा टाकून थांबेपर्यंत शेजारी उभं राहायचं. कार्ब्युरेटरच्या वाटीत थेंब राहता कामा नये. या सगळ्याला एक चहा आरामात पिऊन होतो. मी हात धुऊन, पर्स खांद्याला लावून दारात उभी असायची आणि हा आपला इंजिनापाशी कप घेऊन उभा. मी म्हणायची, "अरे, बटण दाब आणि चल ना." तो म्हणायचा, "त्याचं होऊ दे."

आता त्या दिवसाबद्दल. रविवार नव्हता, म्हणून मी डोंबिवलीला घरी होते. दुपारी त्याचा फोन आला. मागे इंजिन चालू होतं. "ऐक," म्हणाला आणि त्याने फोन इंजिनाजवळ धरला. "रॉकेलवर घेतलंय. किती वेळ झाला, एकदाही अडखळलं नाही." मी म्हटलं, छान, आता माझी अक्षरं काढायची बाकी आहेत. मग तो म्हणाला की सकाळपासून छातीत भरल्यासारखं होतंय, घामही येतोय, गॅस असेल. मी त्याला सांगितलं की गॅस-बिस काही नाही, रिक्षा कर आणि सरळ हॉस्पिटल गाठ. तो म्हणाला, "हो, निघालोच."

मी वहिनीला फोन केला. वहिनी हॉस्पिटलच्या दारात येऊन उभी राहिली. हॉस्पिटल गाळ्यापासून जवळ आहे. तो येईना. फोन उचलेना. शेवटी रिक्षा आली तेव्हा रिक्षावाल्याने त्याला खांद्याला धरून आत नेलं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. ते कोणालाही असंच म्हणत असतील.

मी रडले नाही. ते कौतुकाने सांगत नाही, झालं तसं सांगते. दहावं झालं, तेरावं झालं, लोक येऊन गेले. मी सगळ्यांना पाणी दिलं. कोणी विचारलं तर काय झालं ते सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, इतक्या वेळा की पुढे वहिनीलाही ते पाठ झालं. मला आत काही हलल्यासारखं वाटायचं नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपला नसतो, तसं.

वहिनीचं तसं नव्हतं. तिला राग आला आणि तो सगळा तिने त्या रिक्षावाल्यावर ठेवला. जवळच्या जवळ यायला इतका वेळ कसा लागला? त्याने नक्की लांबून फिरवून आणलं. रस्ता खणलेला होता म्हणे, सगळ्यांनाच माहीत होतं, मग आतल्या गल्लीतून का नाही आणलं? वर्षभर ती हेच बोलत होती. बाजारात जाताना रिक्षा स्टँडवरचे चेहरे न्याहाळायची. एकदा मला म्हणाली, "दिसला ना, तर विचारणार आहे मी त्याला." मी म्हटलं, विचार. मलाही तेच खरं वाटत होतं. रस्ता, खणाखणी, ट्रॅफिक. ठाण्यात कशालाही हे कारण पुरतं.

मी रविवारी गाळ्यात जात राहिले. महिन्याभराने पहिल्यांदा गेले तेव्हा शटर नीट खाली ओढलेलं, कुलूप लावलेलं, आत पंखा-दिवे बंद, पाने-पक्कड जागच्या जागी. त्याच्या स्वभावाप्रमाणेच होतं, म्हणून मी त्यावर विचार केला नाही. मी बॉनेट काढून रंगवायला घेतलं. हिरवा रंग दिला. पुढच्या रविवारी तो पॉलिशपेपरने घासून काढला आणि पुन्हा दिला. पुन्हा घासला. त्या रंगात दोष नव्हता. अक्षरं काढायची म्हणजे काम संपणार, आणि काम संपलं की तिथे बसून काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी रंगवत राहिले.

वर्ष होत आलं तेव्हा वहिनी म्हणाली, गाळा रिकामा करू या. पहिले दोन ट्रॅक्टर दादाच्या ओळखीच्यांनी नेले. तिसऱ्यासाठी बदलापूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची आंब्याची बाग आहे आणि त्यांनाही हाच, जुन्या ट्रॅक्टरांचा, आजार आहे. आजोबांची भंगाराची अट मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "ताई, मी चालवणार आहे त्याला." मग त्यांनी विचारलं, शेवटचा कधी चालवला होता? मी सांगितलं. रॉकेलवर बंद केला होता का? मी म्हटलं, हो, रॉकेलवरच असणार, घाईत सोडून जावं लागलं होतं. ते चुकचुकले. म्हणाले, मी येण्याआधी जमलं तर कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडून बघा, एकच बोल्ट असतो. पेट्रोल वर्षभरात उडून जातं, मागे पिवळट चिकटा राहतो. रॉकेल उडत नाही, तेलकट तसंच राहतं. असेल तर पुसून काढा, म्हणजे मला सोपं जाईल.

मी इंजिनाला कधी हात लावला नव्हता. रविवारी चष्मा लावून, खाली वर्तमानपत्र पसरून, पान्याने तो बोल्ट सोडवला. रॉकेल हातावर सांडेल म्हणून जुना टॉवेल घेतला होता. वाटी हातात आली. हलकी होती.

आत काही नव्हतं. रॉकेल नव्हतं, पेट्रोलचा चिकटाही नव्हता. मी बोट फिरवलं, बोट कोरडं. वास घेतला, कसलाच वास नाही. मग कॉक बघितले. रॉकेलचा बंद. पेट्रोलचाही बंद.

मला कळायला वेळ लागला, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. फोनवर इंजिन रॉकेलवर चालू होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्यानंतर गाळ्यात कोणी आलं नव्हतं, किल्ली त्याच्या खिशातून वहिनीकडे आणि वहिनीकडून माझ्याकडे आली होती. म्हणजे फोन ठेवल्यावर त्याने कॉक पेट्रोलवर फिरवला. छातीत भरलेलं, घाम फुटलेला, आणि हा धुराचा वास बदलेपर्यंत थांबला. मग पेट्रोल बंद केलं आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत उभा राहिला. पाने जागेवर ठेवले. दिवे बंद केले. शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि मग रिक्षा शोधायला गेला.

मला राग आला. दुःख नाही, राग, आणि त्या रागातही फार दम नव्हता. मूर्ख माणूस, असं मी मोठ्याने म्हटलं. वाटी पुसली, पुसण्यासारखं काही नसताना, आणि परत लावली. मग बसून बॉनेटवरची अक्षरं रंगवून टाकली. चांगली आली अक्षरं.

वहिनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रिक्षावाला सुटला असता आणि तिच्याकडे रागवायला फक्त नवरा उरला असता. तिला रिक्षावाला लागत होता. मी हे स्वतःशी ठरवलं आणि गप्प बसले.

बदलापूरचे गृहस्थ आले त्या दिवशी वहिनीही गाळ्यात आली. थर्मासमधून चहा आणला होता. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं, मग टाकीत ताजं पेट्रोल घालून पुलीला दोरी गुंडाळली. वाटी उघडून बघितलीत ना, असं त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. म्हणाले, तरी दहा-वीस वेळा ओढावी लागेल, हसू नका. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. ते इतके खूश झाले की बराच वेळ नुसते बघत राहिले.

"ज्याने बंद केलंय ना ताई," ते आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "त्याने फार नीट बंद केलंय."

मी वहिनीकडे बघितलं नाही. ती कपात चहा ओतत होती.

त्यांनी इंजिन गरम होऊ दिलं, रॉकेलवर घेतलं, गाळ्याच्या दारापर्यंत पुढे नेलं, मागे आणलं. मग खाली उतरून कॉक पेट्रोलवर फिरवला आणि हात पुसत वहिनीकडून चहा घेतला.

"बंद नाही करत?" वहिनीने विचारलं.

"लगेच नाही करायचं. आतलं रॉकेल संपायला हवं. मग पेट्रोल बंद करायचं, तेही संपू द्यायचं. आपला चहा होईल तोवर."

"दर वेळी?"

"ज्याला कळतं तो दर वेळी करतो."

वहिनी चहा घेऊन उभी राहिली. इंजिन चालू होतं. मी रविवारी दारात पर्स घेऊन उभी राहायची त्याच जागी उभी होते, पण तेव्हा हा वेळ मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता. तेवढ्या वेळात माणूस रस्त्यावर जाऊन रिक्षा करेल, रिक्षात बसेल, हॉस्पिटलच्या दारात उतरेल. वहिनीने चहा प्यायला नव्हता. ती कॉककडे बघत होती.

"तुला ह्यांनी फोनवर आवाज ऐकवला," ती म्हणाली, "तेव्हा रॉकेलवर होतं ना?"

"हो."

"आणि तू उघडून बघितलंस तेव्हा?"

मी खोटं बोलू शकले असते. मला ते सुचलंही होतं.

"कोरडं होतं," मी म्हटलं.

तिने कप स्टुलावर ठेवला. "मग तो रिक्षावाला," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने तिने माझा हात धरला, आणि मला पहिल्यांदा काहीतरी दुखलं, नीट, जागच्या जागी.

गृहस्थांनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि बाजूला उभे राहिले. इंजिन चालूच होतं. आम्ही तिघं बघत उभे होतो. बंद व्हायला त्याला पुष्कळ वेळ लागला.