गाडीबद्दल कुणाची तक्रार नव्हती

माझ्या मावशीला लोकांच्या घरात डोकावायचा पगार मिळतो, असं म्हणून माझे वडील तिला चिडवतात. तशी ती गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. संस्था लोकांना वस्तू देते आणि त्या वस्तूंचं पुढे काय झालं, हे मावशी जाऊन बघते. मुळातच भोचक बाई, त्यात वरून परवानगी. शेजारी नवा पडदा लागला, तर जुन्याचं काय केलंत हे विचारल्याशिवाय तिला घास उतरत नाही.

संस्थेने रस्त्यावर माल विकणाऱ्या बायकांना हातगाड्या दिल्या, तेव्हाची ही गोष्ट. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार हिंडण्यापेक्षा गाडी बरी, असा सरळ विचार होता. गाड्या मावशीनेच पसंत केल्या होत्या. कारखान्यातून नमुना आला, रखवालदाराने तो आवारातल्या गुळगुळीत फरशीवर फिरवून दाखवला आणि मावशीने मान डोलावली. गाड्या वाटून झाल्यावर ऑफिसच्या दाराशी तक्रारपेटी लावली. ती रिकामीच राहिली. संचालक खूश होते. तशाच आणखी गाड्या मागवायचं चाललं होतं.

मावशीला मात्र चैन पडेना. आपल्या घरात चहात साखर कमी पडली तरी सगळे तोंड उघडतात, मग इतक्या बायकांपैकी एकीलाही काही म्हणायचं नसेल? माणसं एवढी समाधानी कधीपासून झाली, असं ती आम्हाला जेवताना विचारायची. आम्ही भाजी वाढून घ्यायचो.

मग ती देणगीदारांसाठी काढलेले फोटो घेऊन बसली. बायका हसत होत्या, गाड्या चकचकीत होत्या. बघता बघता तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक बाई गाडीच्या बाजूला उभी आहे. गाडीच्या मागे, दांड्याला हात लावून, एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बाजारात जाऊन थांबली. तो बाजार चढावर भरतो. खालून फळवालीची गाडी येत होती, पण ढकलत होता एक दांडगा माणूस, आणि फळवाली बाजूने चालत होती. मावशीने विचारलं, तर ती म्हणाली, हे माझे दीर. बरं, म्हणून मावशी थांबली. थोड्या वेळाने तोच माणूस भाजीवालीची गाडी घेऊन वर आला. तिचा तो भाऊ निघाला. मोजे विकणाऱ्या बाईने तर त्याला मामा करून टाकलं, आणि तो तिच्याहून चांगला लहान दिसत होता. एवढ्या नात्यांचा माणूस मावशीने जन्मात पाहिला नव्हता. तिने त्याला चहा पाजला आणि बोलतं केलं.

तो होता हमाल. गाडीचा दांडा बायकांच्या छातीशी येतो, सपाट रस्त्यावर कसंबसं जमतं, पण चढावर जोरच लावता येत नाही, असं त्याने सांगितलं. फळवालीचा खांदा तर धरलाच होता. म्हणून सगळ्याजणी आपल्या मिळकतीतून त्याला मजुरी देत होत्या. मग नाती कशाला जोडता, असं मावशीने विचारल्यावर त्याने संस्थेचाच नियम तिला ऐकवला. गाडी वर्षभर संस्थेच्या मालकीची, परक्या माणसाच्या हाती दिली तर काढून घेणार. घरातल्या पुरुषांनी गाड्या परस्पर विकू नयेत म्हणून केलेला हा नियम. पण दांड्याबद्दल बोलायचं तर हमालाबद्दल बोलावं लागणार, आणि हमालाबद्दल बोललं की गाडी गेली. फळवालीचं घर त्या गाडीवर चालत होतं. ती कशाला तोंड उघडेल?

मावशीची चांगलीच पंचाईत झाली. खरं लिहावं तर फळवालीची गाडी जाणार, गप्प बसावं तर आणखी कितीजणींच्या गळ्यात तसल्याच गाड्या पडणार. त्यात पसंती तिची स्वतःची. दोन दिवस तिने कुणाच्या पडद्याची चौकशी केली नाही, तेव्हा आम्हालाही काळजी वाटायला लागली.

शेवटी तिने संचालकांना सांगितलं, की गाडी निवडताना माझी चूक झाली. तक्रार कुणाची आहे, असं त्यांनी विचारलं. माझी, ती म्हणाली, आणि त्यांना घेऊन बाजारात गेली. ऑफिसातली नमुन्याची गाडी फळांच्या पेट्यांनी भरून तिथे आणली होती. संचालक ताडमाड उंच. त्यांनी ती सहज वर नेली आणि यात अडचण कसली, असं विचारलं. गाडी पुन्हा खाली आणून मावशीने ढकलायला घेतली. मावशी उंचीला बेताची. निम्म्या चढावर गाडी तिच्याच अंगावर मागे यायला लागली, तेव्हा हमालाने धावत येऊन दांडा धरला. हे कोण, असं संचालकांनी विचारलं. हमालाने मावशीकडे पाहिलं आणि इमानदारीत सांगितलं, "मी यांचा भाचा."

म्हणजे माझा मावसभाऊच की! मावशीला रस्त्यातच हसू फुटलं, आणि मग तिने कुणाचंही नाव न घेता संचालकांना सगळं सांगितलं. आधी गाड्या बायकांच्या मालकीच्या करा, मग त्यांना विचारा, हे तिचं एकच म्हणणं. खजिनदार कुरकुरले, देणगीदारांना काय तोंड दाखवायचं म्हणाले. चूक माझी आहे, मीच कळवते, असं मावशीने सांगितलं आणि कळवलंही. नव्या गाड्या थांबल्या, जुन्या बायकांच्या नावावर झाल्या.

त्यानंतर एका सकाळी फळवाली ऑफिसात आली. आधी दाराशीच उभी राहिली.

"गाडी आता माझी ना? कुणी नेणार नाही?"

"नाही," मावशी म्हणाली.

"मी काहीही बोलले तरी?"

"काहीही बोललात तरी."

"मग मला सांगा, ही गाडी निवडली कुणी?"

त्या क्षणी पळून जावंसं वाटत होतं आणि आनंदाने रडूही येत होतं, असं मावशी सांगते.

"मी," ती म्हणाली.

फळवालीने तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. मग आत येऊन खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"दार लोटून घ्या, बाई. मला बराच वेळ लागणार आहे."