बागेचं गाऱ्हाणं

नव्या बागेसाठी वाडीच्या सूचना हव्यात म्हणून नगरपंचायतीचे साहेब आमच्या देवळात आले, तेव्हा त्यांच्या हातात रंगीत आराखडा छापून तयार होता. लग्न ठरवून झाल्यावर पोरीला विचारायचं, मुलगा पसंत आहे ना, त्यातली गत.

आराखड्यात आमच्या बाजूच्या फाटकाला जांभ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. रस्ता खाली, बागेची जागा वर. "जरा कोकणी टच," साहेब म्हणाले. मी उभी राहिले. माझी मुलगी कॉलेजात शिकते, लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. ती आत कशी जाणार, तिथे उतार करा, असं मी सरळ सांगितलं.

"उताराला जागा फार लागते, ताई. सेल्फी पॉइंट जाईल. पण बघू, नोंद घेतो."

मी स्वतः सरकारी ऑफिसात खिडकीवर बसते. 'बघू'चा अर्थ मला कोणी शिकवायला नको, मी स्वतःच तो शब्द रोज लोकांना ऐकवते.

परतताना शेजारीण म्हणाली, "चौघं मिळून उचलू की गो तिला. आम्ही काय मेलो?" चांगल्या मनाने म्हणाली ती, पण माझं टाळकं सरकलं. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलवर माणसं तिला गोणीसारखी उचलतात आणि वर 'काय जड नाय हां' म्हणतात. ती तेव्हा डोळे मिटून घेते. आता बागेतसुद्धा तेच? का म्हणून?

मग खेपा घातल्या. ऑफिसात गेले तर साहेब साइटवर, साइटवर गेले तर साहेब मीटिंगला. तेवढ्यात नारळ फोडायचा दिवस ठरलासुद्धा.

आमच्याकडे कुदळ मारण्याआधी गाऱ्हाणं घालतात. वाडीचा मानकरी देवाकडे मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा म्हटलं की म्हटलं. त्यावरून फिरायची कोणाची छाती होत नाही.

मानकरी माझे चुलत सासरे. आदल्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, "मामंजी, गाऱ्हाण्यात उताराचं तेवढं घाला."

"देवाकडे सुख मागायचं, बरकत मागायची. उतार कसला मागतेस?" ते म्हणाले आणि सुपारी कातरत बसले.

दुसऱ्या दिवशी मुलीची खुर्ची नेऊन मी अगदी पुढे लावली. साहेब हात जोडून उभे होते. मामंजींनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ही सगळी लेकरं तुझ्या पायाशी जमलीयत..."

"व्हय म्हाराजा."

"या कामात कसलं विघ्न येऊ देऊ नको..."

"व्हय म्हाराजा."

ते श्वास घ्यायला थांबले आणि मी तोंड उघडलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्यात पद्धत नाही. नसू दे. "आणि म्हाराजा, वाडीतलं एकही लेकरू या फाटकाबाहेर राहू नये, म्हणून पायऱ्यांच्या जागी उतार होऊ दे."

मामंजी हातातला नारळ माझ्याच डोक्यात घालतात की काय, असं वाटलं. तेवढ्यात मागून शेजारणीचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग सगळी वाडी म्हणाली. साहेबही कोकणातलेच. देवासमोर तोंड बंद ठेवायची त्यांची टाप नव्हती.

नंतर ते तांत्रिक अडचणी सांगायला लागले, तर मामंजीच म्हणाले, "व्हय म्हटलंत ना? मग आता देवाशी बोला, माझ्याशी नको."

उतार झाला. सेल्फी पॉइंट गेला. बाई फार आगाऊ आहे, असं काही जण अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

बाग उघडली त्या संध्याकाळी मी चांगली साडी नेसून तिची खुर्ची फाटकापर्यंत ढकलत नेली. तिथे तिने चाकं हातांनी धरली.

"आई, तू घरी जा आता."

"अगो, पहिल्याच दिवशी? एकटी?"

"मग उतार कशाला मागितलास?"

ती स्वतः चाकं फिरवत चढायला लागली. मध्येच थांबली, दमली असावी. माझा पाय पुढे पडला. तिने मागे न बघता नुसता हात वर केला, तिथेच थांब म्हणून. मला राग आला, रडूही आलं, पण मी थांबले. ती वर पोचून झाडांमागे दिसेनाशी झाल्यावर मी घरी गेले.